झोपेत झिजणारे दात



झोपेत दात खाणाऱ्या माणसाला आपण दात खातो हे सहसा ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं शेजारी झोपलेल्याला. मध्यरात्री करकर आवाज येतो, जाग येते, माणसाला हलवून कुशीवर वळवलं जातं आणि सकाळी त्यावरून घरात थोडी थट्टा होते. मूल असेल तर आजी म्हणते, पोटात जंत झालेत. मोठा माणूस असेल तर म्हणतात, कुणावरचा तरी राग मनात धरून झोपला असेल. विषय तिथंच संपतो. आम्हा दंतवैद्यांकडे तो पुन्हा निघतो तो बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हाही रुग्ण दात खाण्याबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, थंड पाणी लागलं की दातांतून सणक जाते. दाढेत भरलेलं सिमेंट सारखं पडतं. फोटोत पुढचे दात आखूड दिसायला लागलेत.

तोंड उघडून पाहिलं की सुळ्यांची टोकं गेलेली दिसतात. पटाशीच्या दातांच्या कडा सपाट झालेल्या, कुठं कुठं टवके उडालेले. दाढांवरचे उंचवटे जाऊन तिथं गुळगुळीत, चमकणारे पट्टे आलेले. मग मी रुग्णाला खालचा जबडा हळूहळू एका बाजूला सरकवायला सांगते. एका ठिकाणी वरच्या सुळ्याचा सपाट भाग खालच्या सुळ्याच्या सपाट भागावर नेमका बसतो. दिवसा आपण कधीच असा जबडा धरत नाही. हातात आरसा दिला की रुग्णाला स्वतःलाच दिसतं, रात्री काय होत आलंय ते. गालाच्या आतून दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी रेघ, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, सकाळी उठल्यावर जड झालेला जबडा, कानशिलांत दुखणं, याही खुणा पुष्कळांमध्ये सापडतात.

दाताच्या बाहेरचं कवच, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, तो आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या मानानं त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर भरते. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते. इनॅमलचं तसं नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच नाहीशा होतात. पृष्ठभागाखालचं हरवलेलं थोडंफार खनिज लाळेतून परत मिळू शकतं, पण घासून गेलेला थर पुन्हा कधीही येत नाही. तो गेला की खालचं पिवळसर डेंटीन उघडं पडतं, आणि ते मऊ असल्यानं पुढची झीज जास्त वेगानं होते.

थोडी झीज सगळ्यांचीच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, दाढेवर दाढ टेकते तिथलं इनॅमल वर्षाला सुमारे २९ मायक्रॉन झिजतं. या वेगानं १ मिलिमीटर जायला तीस वर्षांहून जास्त काळ लागतो. त्यामुळे साठीतल्या माणसाचे दात थोडे सपाट असणं स्वाभाविकच आहे. पंचविशीत तसे दात दिसले तर मात्र मी थांबून चौकशी करते.

एवढं नुकसान रात्रीच का व्हावं? ओठ मिटून आपण शांत बसलेले असतो, तेव्हा वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. जेवताना आणि गिळताना दात एकमेकांना टेकतात तो सगळा वेळ धरला, तरी दिवसाकाठी वीसेक मिनिटांच्या आसपासच भरतो, आणि जेवताना मध्ये घास असतो. रात्री मध्ये काहीच नसतं. लाळही झोपेत फार कमी सुटते. आपल्याकडच्या बायका रिकामं जातं ओढू देत नसत, कारण दाणे नसले की दगडावर दगड घासून दोन्ही तळ्या झिजतात. इथंही तसंच होतं, फक्त दाताला पुन्हा टाकी लावता येत नाही. त्यातून जोरही साधा नसतो. १९८६ मध्ये अमेरिकेत चावण्याच्या ताकदीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सर्वसाधारण माणसांची सरासरी ताकद सुमारे ७४ किलो भरली. दात आवळण्या-खाण्याची सवय असलेल्या एका माणसानं ४४३ किलोचा जोर लावला. तो अपवाद होता हे खरं, पण जबड्याचे स्नायू काय करू शकतात हे त्यावरून कळतं.

आता कारणांकडे येऊ. इथं जुन्या समजुती अजून ठाण मांडून बसलेल्या आहेत. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या सिगर्ड रामफ्योर्ड यांनी मांडलं की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस दात खातो. त्यावर विसंबून कित्येक वर्षं जगभर रुग्णांचे चांगले दात कानशीनं घासून 'जुळवले' गेले. पुढं झोपेच्या प्रयोगशाळांत मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके आणि जबड्याचे स्नायू यांची एकत्र नोंद व्हायला लागली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये जिल लाव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत मोठं काम केलं. त्यात दिसलं ते असं: गाढ नसलेल्या झोपेत मेंदू अधूनमधून क्षणभर जागेपणाकडे झुकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू लयीत आवळायला लागतात. म्हणजे सुरुवात मेंदूतून होते आणि दात सगळ्यात शेवटी एकमेकांवर येतात. म्हणून दात खाणं थांबवण्यासाठी कुणी तुमचे निरोगी दात घासायचं म्हणत असेल, तर नाही म्हणा. गेलेलं इनॅमल परत येत नाही, मग ते झोपेत गेलेलं असो की दवाखान्याच्या खुर्चीवर.

मनावरचा ताण यात भर घालतो, हे नक्की. करोनाच्या साथीत, मार्च २०२१ मध्ये, अमेरिकन डेंटल असोसिएशननं पाहणी केली, तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त दंतवैद्यांनी सांगितलं की दात खाणारे आणि दात आवळणारे रुग्ण वाढलेत. पण ताण म्हणजे मनात धरलेला राग नव्हे, आणि हा कुणाच्या स्वभावाचा दोषही नव्हे. झोपेत घडणाऱ्या गोष्टीसाठी माणसाला बोल लावणं अन्यायाचं आहे. काही घराण्यांत ही सवय पिढ्यान्‌पिढ्या दिसते. रात्री घेतलेली दारू, तंबाखू, सिगारेट, उशिराचा चहा-कॉफी यांनी ती वाढते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही वाढू शकते, पण म्हणून ते औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना सांगा.

आणि जंत? मुलांना जंताचं औषध जरूर द्या. २०१५ पासून सरकार राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतं, शाळा-अंगणवाडीत गोळ्या मिळतात, त्या चुकवू नका. पण त्या जंतांसाठी आहेत. जंतांमुळे मूल दात खातं याला भक्कम पुरावा नाही. लहान मुलांमध्ये दात खाणं खूप आढळतं, मोठ्यांमध्ये ते प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवर येतं आणि म्हातारपणी आणखी कमी होतं. दुधाचे दात थोडे झिजले तरी ते पडणारच असतात, त्यामुळे बहुतेक मुलांना काहीच करावं लागत नाही. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर मात्र टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्यायला हव्यात. जंताच्या गोळीवर समाधान मानून नेमकी हीच गोष्ट राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

झिजलेला प्रत्येक दात झोपेतच झिजलाय असंही समजू नका. आपल्या खेड्यांत अजून मिशरी, राखुंडी, विटकरीची पूड दातांना घासली जाते. तीही इनॅमल खरवडते, आणि मिशरीत तर तंबाखू असते, तिचा धोका दातांपुरता राहत नाही. शीतपेयांतलं आम्ल, घशाशी येणारं पित्त यांनी इनॅमल मऊ होतं, दाढेवर वाटीसारखे खळगे पडतात. अशा मऊ झालेल्या दातांवर रात्री घासणं सुरू झालं की झीज झपाट्यानं वाढते. ज्यांना पित्ताचा त्रास आहे आणि जे दातही खातात, त्यांनी दोन्हीचे उपचार बरोबरीनं करायला हवेत. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता चूळ भरावी, अर्धा तास थांबावं.

उपाय म्हणून आम्ही बहुधा नाईट गार्ड देतो. दातांचा ठसा घेऊन बनवलेलं, कडक अ‍ॅक्रिलिकचं, बहुतेकदा वरच्या दातांवर बसणारं हे पातळ कवच. त्यानं दात खाणं बंद होत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. दातांऐवजी ते झिजतं, ते त्याचं काम आहे, आणि झिजलं की नवं करता येतं. मोजक्याच दातांवर बसणारं गार्ड वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण बिघडू शकते, म्हणून गार्ड बाजारातून तयार आणण्यापेक्षा सगळ्या दातांवर बसेल असं मापानं करून घ्यावं. आणि एक गोष्ट गार्ड करण्याआधीच विचारली गेली पाहिजे: हा माणूस घोरतो का, घोरता घोरता त्याचा श्वास अडतो का? तसं असेल तर आधी झोपेची तपासणी व्हायला हवी. काहींमध्ये वरच्या दातांवरच्या गार्डनं श्वास अडण्याचा त्रास वाढल्याचं आढळलं आहे.

झिजलेल्या सगळ्या दातांवर कॅप बसवण्याची घाई मला पटत नाही. खर्च मोठा, त्यासाठी उरलंसुरलं इनॅमलही घासावं लागतं, आणि दात खाणं चालूच राहिलं तर कॅपही फुटते. दुखत असेल, दात फुटायला लागला असेल तर उपचार टाळू नयेत. नाहीतर आधी झीज किती वेगानं चाललीय ते पाहावं. दिसणारी झीज वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते, नुसतं बघून ते सांगता येत नाही. त्यासाठी आज दातांचे फोटो किंवा ठसा घेऊन प्लास्टरचं मॉडेल करून ठेवायचं आणि वर्षानं ताडून पाहायचं.

म्हणून माझी विनंती आहे ती दात खाणाऱ्यांना नाही, रात्री तो आवाज ऐकणाऱ्यांना. तुमच्याशिवाय हे त्या माणसाला वेळेवर कळायला सहसा दुसरा मार्ग नसतो. थट्टा न करता त्याला सांगा. आवाज किती वेळा येतो, घोरणं असतं का, मधेच श्वास थांबतो का, हे चार-पाच रात्री लक्ष देऊन ऐका. मग त्याला घेऊन दंतवैद्याकडे जा आणि ऐकलेलं सगळं तुम्ही स्वतः त्यांना सांगा.