बेडूक होताना मेंदूत काय घडतं?



पावसाळ्यात डबक्यात वळवळणारे बेडूकमासे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपटी आखडत जाते. शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र अनेकांना अजून आठवत असेल. मला बोलायचंय ते त्या चित्रात न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. कालपर्यंत शेपटी हलवत पोहणाऱ्या, शेवाळ खरवडून खाणाऱ्या जिवाला आता उडी मारायची आहे, किडा नेमका टिपायचा आहे. पाय फुटले खरे, पण ते चालवणारा मेंदू आणि मज्जारज्जू कुठून आणायचा?

सुरवंट निदान कोशात पडून राहतो. बेडूकमाशाला तशी उसंत नाही. शत्रू टपलेलेच असतात, त्यांच्यापासून पळायचं, आणि त्याच दिवसांत आतली सगळी मांडणीही बदलायची. राहत्या घरातच दुरुस्ती काढावी, तसं हे काम चालतं.

कामाचा हुकूम सुटतो थायरॉईड ग्रंथीतून. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली आणि ते पुरते वाढायच्या आधीच चिमुकले बेडूक झाले. त्याहून मला मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या जेरी कोल्रॉस यांचा १९४२ चा प्रयोग. त्यांनी थायरॉक्सिनची, म्हणजे याच ग्रंथीच्या संप्रेरकाची, कणभर गोळी थेट बेडूकमाशाच्या मेंदूच्या मागच्या भागात बसवली. डोळ्याला स्पर्श होताच तो मिटून घेण्याची सवय मोठ्या बेडकाला असते, लहान बेडूकमाशाला नसते. गोळी बसवलेल्या बेडूकमाशांत ती वेळेआधीच दिसू लागली. याचा अर्थ हे संप्रेरक मेंदूवर थेट काम करतं. बाकीचं शरीर बदलेपर्यंत मेंदूला थांबावं लागत नाही.

हा हुकूम प्रत्येक पेशी आपापल्या परीनं पाळते. अनुमस्तिष्कात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, नव्या पेशी वाढतात, त्यांना फांद्या फुटतात. मज्जारज्जूतल्या, बेडूकमाशाच्या कातडीला स्पर्शज्ञान देणाऱ्या जुन्या पेशी मात्र नाहीशा होतात. पायांचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी आधी हजारोंनी तयार होतात आणि मग त्यांतल्या निम्म्याहून अधिक मरतात. वाढत्या पायाशी ज्यांचा धागा नीट जुळतो, त्या टिकतात. पायाचा कोंब सुरुवातीलाच काढून टाकला, तर त्या बाजूच्या जवळजवळ सगळ्याच संपतात. किती पेशी हव्यात हे असं पायाशी जुळवून ठरतं.

आता पोहण्याकडे बघू. शेपटी डावी-उजवी आळीपाळीनं वळते, बेडूक मात्र दोन्ही पाय एकदम झाडतो. हे दोन ताल वेगळे. फ्रान्समधल्या बोर्दो आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या मज्जारज्जूतले हे ताल नोंदले. नवे पाय आधी शेपटीच्याच तालावर चालतात. मग पायांची यंत्रणा हळूहळू सुटी होते, आणि काही काळ एकाच मज्जारज्जूत दोन्ही ताल एकाच वेळी वाजत असतात! शेवटी शेपटी जिरते आणि पायांचा ताल उरतो. पोहणं एक दिवसही थांबत नाही. या एका गोष्टीसाठी मी हा विषय पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

डोळ्यांचीही तीच तऱ्हा. झेनोपसच्या बेडूकमाशाचे डोळे दोन बाजूंना असतात, आणि उजव्या डोळ्याचे सगळे धागे मेंदूच्या डाव्या बाजूला, डाव्याचे उजव्या बाजूला जातात. बेडूक होताना डोळे वर आणि पुढे सरकतात, दोघांना एकच दृश्य दिसू लागतं. मग दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र यायला हवी. म्हणून डोळ्याच्या एका भागातून निघालेले नवे धागे वाटेत न ओलांडता आपल्याच बाजूला वळतात. ज्या जागी वळायचं, तिथे एक मार्गदर्शक प्रथिन नेमकं याच काळात उगवतं. केंब्रिजच्या संशोधकांनी ते प्रथिन तिथे मुद्दाम आधीच तयार करवलं, तर धागेही आधीच वळले.

सगळंच इतकं अखंड चालतं असं नाही. अमेरिकन बुलफ्रॉगच्या बेडूकमाशाला ऐकू येतं, पण रूपांतराच्या ऐन भरात त्याच्या मेंदूत आवाजाचा प्रतिसादच नोंदला जात नाही. पिल्लू काही काळ बहिरं होतं, मग पुन्हा ऐकू लागतं.

बेडकाला घडवणारं थायरॉईडचं संप्रेरक आणि आपल्या शरीरातलं संप्रेरक एकच आहे. माणसाच्या बाळाचा मेंदूही गर्भात आणि जन्मानंतरच्या काळात त्याच्याच भरवशावर वाढतो. ते तयार व्हायला आयोडिन लागतं, म्हणून मिठात आयोडिन घालतात. काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही, आणि वरून काहीच कळत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून ते समजतं. आपल्याकडे ही तपासणी अजून सगळीकडे होत नाही, तेव्हा घरात बाळ जन्मलं की डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. दोष सापडला, तर पहिल्या दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिनची गोळी सुरू करतात, आणि अशी बहुतेक मुलं पुढे इतरांसारखीच शाळेत जातात.