घाट चढण्याआधी गाडीचं ऐका

कुणी रानात असाल, कुणी चुलीपाशी, कुणी गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसला असाल.

सुगी आटोपली, की आपल्या गटांच्या सहली निघतात. कुणी गणपतीपुळ्याला जातं, कुणी तुळजापूरला, कुणी पापड-मसाले घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला. दहा-बारा जणी मिळून जीप ठरवतो. भाडं किती, निघायचं कधी, भाकरी कुणी आणायच्या आणि चटणी कुणी, सगळं बोलतो. गाडीबद्दल मात्र एक शब्द विचारत नाही. "ते ड्रायव्हरचं काम, आपल्याला काय कळतंय," म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, आपल्याला कळतं. आणि कळलं की बोलायचं असतं, एवढंच सांगायला मी आज आले आहे.

लांबच्या प्रवासात, त्यातून घाटात, क्लच आणि गिअर यांच्यावर फार ताण येतो. क्लच म्हणजे काय? शिलाई मशीन आठवा. बॉबिन भरताना हातचाकाच्या मधला स्क्रू आपण सैल करतो. मग पायडल मारलं की चाक फिरतं, पण सुई जागची हलत नाही. स्क्रू आवळला की सुई चालू. गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशीच सोय असते. ड्रायव्हरनं डाव्या पायानं क्लच दाबला, की इंजिन फिरत राहतं पण चाकांना ताकद जात नाही. तेवढ्यात तो गिअर बदलतो. पाय उचलला की क्लचप्लेट घट्ट धरते आणि गाडी ओढायला लागते. ही प्लेट झिजली, की अर्धवट सैल स्क्रूसारखी गत होते. इंजिन जोरात फिरतं, गाडी काही ओढत नाही. प्लेट घासते, तापते आणि करपते.

आता गिअर. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना आपण लहान पावलं टाकतो. पहिला, दुसरा गिअर म्हणजे तीच लहान पावलं. वेग कमी, ताकद जास्त.

मागच्या सीटवर बसूनही आपल्याला कळतील अशा खुणा सांगते. पहिली, चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. दुसरी, जळका, करपट वास येतो. तिसरी, गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज येतो, नाहीतर ड्रायव्हरला दोन-तीनदा जोर करावा लागतो. चौथी, टाकलेला गिअर आपोआप निसटतो. पाचवी, क्लचचं पायडल दाबलं की खालीच राहतं, वर येत नाही. आणि सहावी, चहाला थांबलो तिथे गाडीखाली तेलाचा डाग दिसतो. यातली एक जरी खूण दिसली, तरी गप्प बसायचं नाही.

आमच्या गटाचंच सांगते. रत्नागिरीकडून कोल्हापूरला परत येत होतो. नाणीज मागे टाकलं, तशा मागच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "कायतरी करपतंय गं." ड्रायव्हर म्हणाला, "काय नाही मावशी, चढाला एवढा वास येतोच." थोड्या वेळानं आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "दादा, इंजिन ओरडतंय आणि गाडी चाललीय बैलगाडीगत. साखरप्यात थांबवा." पुढे आंबा घाट होता आणि दिवस कलायला लागला होता. गाडीत दोघी साखरेच्या आजाराच्या आणि एकीच्या मांडीवर वर्षाचं लेकरू. ड्रायव्हर जरा नाराज झाला, पण थांबला. मिस्त्रीनं बघितलं. क्लचप्लेट संपली होती. गिअरबॉक्स उतरवावा लागणार, सामान रत्नागिरीहून येणार, म्हणजे दुसरा दिवस. आम्ही एसटीनं घरी आलो. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तो खर्चही जड गेला नाही. गाडी मात्र घाटाच्या मध्यावर, अंधारात, वळणावर अडली असती तर काय झालं असतं, ते तुम्हीच बघा.

काही वेळा दुखणं लहान असतं. नुसती क्लचची केबल तुटली असेल, तर मिस्त्री जागेवर येऊन बदलून देतो. प्लेट गेली असेल तर मात्र अर्धा दिवस धराच. म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारा, "केबल की प्लेट?" प्लेट असेल तर वाट बघत बसू नका, पुढची सोय बघा. गाडी अर्धा तास उभी केली की प्लेट थंड होते आणि जरा बरी ओढते, हे खरं. पण ते तापावरच्या गोळीसारखं आहे, दुखणं गेलेलं नसतं. तेवढ्या जोरावर सपाट रस्त्यानं जवळचं गॅरेज गाठावं, घाट चढू नये.

उतार तर चढापेक्षा अवघड. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. काही जण डिझेल वाचवायला उताराला गाडी न्यूट्रल करतात, कुणी इंजिनही बंद करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. इंजिन बंद असलं की ब्रेकचं पायडल आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. उताराला इंजिनचा आवाज एकदम पडला, तर लगेच म्हणा, "दादा, गाडी गिअरमध्ये ठेवा." आणि गिअर आपोआप निसटत असेल, तर त्या गाडीनं घाट उतरायचाच नाही.

हल्ली काही गाड्यांना क्लचचं पायडल नसतं. गिअर आपोआप बदलतात. अशी गाडी झटके द्यायला लागली, उशिरा ओढू लागली, तर थांबवा. ती दोरी बांधून ओढून नेऊ नका. गाडीवर चढवून नेणारी क्रेन बोलवा.

गाडी रस्त्यातच बंद पडली तर काय करायचं? चारी इंडिकेटर चालू करायला सांगा. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावा. सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरा आणि कठड्यापलीकडे जागा असेल तर तिकडे उभ्या राहा. गाडीच्या मागे कुणी थांबू नका, गाडीत झोपू नका. लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसेल. संकटात ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे नंबर वहीत लिहून ठेवा. घाटात रेंज नसते, म्हणून घाटाच्या आधीच घरी एक फोन करा. आणि निघताना ते दगड उचलून बाजूला टाका. आपल्या मागून कुणाचातरी लेक मोटारसायकलवरून येत असतो.

शेवटी पैशाचं. गाडीची झीज मालकाची, प्रवाशाची नाही. पण भांडण रस्त्यावर नको, म्हणून गाडी ठरवतानाच चिठ्ठी करा. त्यात तीन ओळी पुरेत. गाडी बिघडली तर दुरुस्ती मालकाची. दुसरी गाडी देता आली नाही, तर झालेल्या अंतराचंच भाडं. आणि पुस्तकात लिहिलेत तेवढेच प्रवासी. ही तिसरी ओळ आपल्यावरही आहे बरं का. बाराच्या गाडीत सोळा जणी आणि वर मसाल्याची पोती, मग क्लच करपला तर बोल कुणाला लावणार? आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाला विचारा, क्लचचं काम कधी झालं, गिअरचं तेल कधी बदललं. आढेवेढे न घेता सांगणारा मालक निवडा.

ड्रायव्हरशी बोलायचं ते दादापुता करून, पण ठाम. तो थकलेला असतो, मालकाच्या फोनला भ्यालेला असतो. "आम्ही थांबतो, मालकाशी आम्ही बोलतो," असं म्हटलं की त्यालाही धीर येतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं काढा. ही चिठ्ठी गटाच्या वहीत लिहा, खाली ते तीन नंबर लिहा आणि सहलीत मागच्या सीटवर कोण बसणार, तिलाच आवाज-वासाकडे लक्ष ठेवायचं काम द्या. सुखरूप जा, सुखरूप या.