संगणक, निद्रा आणि मनःस्वास्थ्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात परळ येथे झालेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ आताच पार पडला. पारितोषिके मिळविणाऱ्या मुलामुलींचे आपण टाळ्यांच्या कडकडाटात कौतुक केले, ते सर्वथैव योग्यच झाले. परंतु या आनंदाच्या प्रसंगी मी किंचित अप्रिय वाटेल असा विषय आपणापुढे ठेवणार आहे. आपली मुले शिकली, संगणकावर काम करून चार पैसे मिळवू लागली, याचा आपणांस अभिमान आहे. मात्र त्या संगणकाने त्यांच्या झोपेवर आणि मनावर कोणता भार घातला आहे, याची विचारपूस आपल्या घरांतून क्वचितच होते. आज ती करावी, असे मी ठरविले आहे.

कामाने झोपेवर आक्रमण करावे, हे परळला सर्वस्वी नवे नाही. आरंभीच्या काळी आपल्या भागातील गिरण्या सूर्यप्रकाशावर चालत. उजाडताच यंत्रे सुरू होत आणि अंधार पडला की थांबत. तरीही उन्हाळ्यातील तो दिवस फार मोठा असे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये याच परळ भागात गिरणी-कामगारांची सभा भरविली. आठवड्यातून रविवारी सुटी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे, अशा मागण्या करण्यात आल्या. त्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारच्या सुटीसाठी १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्याचे आपण स्वागतच करतो. परंतु येथे दिवे येताच सूर्यास्ताची मर्यादा नाहीशी झाली आणि अनेक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०८ च्या आयोगाने चौकशी केली, १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले. रात्र उजळणारे साधन आधी येते आणि त्याला आवर घालणारा नियम बऱ्याच वर्षांनी येतो, असे हा इतिहास सांगतो. मधल्या काळात जे कामगार होते त्यांनी त्याची किंमत आपल्या शरीराने चुकती केली. संगणकाच्या बाबतीत आपण आज त्याच मधल्या काळात आहोत.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गिरणीत रातपाळी केली. एकाच खोलीत पाळीपाळीने अंथरुणे पडत. एक जण कामावर निघाला की दुसरा त्या जागी आडवा होई. त्या जिण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. रात्रपाळीने शरीराची हानी होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर २००७ साली रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत केली. तथापि गिरणीच्या भोंग्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो पाळी सुरू झाल्याचे जसे सांगे तसेच ती सुटल्याचेही सांगे. कामगार घरी येताना माग खांद्यावर घेऊन येत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते युग मावळत गेले. फिनिक्स, कमला या गिरण्यांच्या आवारांत आज दुकाने आणि कचेऱ्या आहेत. गिरणी-कामगारांचे नातू तेथे किंवा तशाच कचेऱ्यांत संगणकापुढे बसतात, आणि त्यांतील कित्येकांचे घड्याळ लंडन किंवा न्यूयॉर्कच्या वेळेवर चालते. कचेरी सुटली तरी संगणक पिशवीतून घरी येतो, आणि मोबाइलच्या रूपाने तो उशाशी झोपतो. पाळी सुटल्याचे सांगणारे कोणी उरले नाही.

आता शरीरशास्त्र याविषयी काय म्हणते ते पाहू. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान हे सर्व त्याच्या तालावर चालते. हा ताल पेशींच्या आत कसा निर्माण होतो, याच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला दररोज किल्ली देण्याचे काम मुख्यतः प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात काही विशेष पेशी आहेत. दिवस आहे की रात्र, ही वार्ता त्या मेंदूला पोहोचवितात, आणि निळसर प्रकाशाने त्या अधिक उत्तेजित होतात. अंधार पडला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा स्राव सोडते व शरीर निद्रेच्या तयारीस लागते. रात्री डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडत राहिला तर हा स्राव उशिरा व कमी होतो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बारा निरोगी तरुणांना काही दिवस झोपेपूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर, व काही दिवस मंद उजेडात छापील पुस्तक वाचावयास दिले. पडद्यावर वाचल्यावर मेलाटोनिनचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, झोप सुमारे दहा मिनिटे उशिरा लागली, आणि शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुस्तीही अधिक जाणवली.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. दहा मिनिटे म्हणजे काही मोठा अनर्थ नव्हे. केवळ निळा प्रकाश अडविणारा चष्मा घेतला म्हणजे प्रश्न सुटला, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. झोपेचे खरे नुकसान अन्य दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग सरळ हिशेबाचा आहे. रात्री साडेअकरा ते दीड हा वेळ पडद्याने घेतला आणि सकाळची लोकल चुकवून चालत नाही. तेव्हा ते दोन तास झोपेतूनच वजा होतात. दुसरा मार्ग मनाचा. वरिष्ठांचा रागाचा निरोप, अर्धवट राहिलेले काम, खेळातील हारजीत, कोणाच्या तरी परदेशवारीची छायाचित्रे, ही सर्व मनाला जागे ठेवतात. पडदा मिटला तरी मन मिटत नाही.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास आणि वाढत्या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञांचे मत आहे. ती सातत्याने न मिळाल्यास प्रथम चिडचिड वाढते, मग विसर पडू लागतो, लहानसहान गोष्टींचा धसका बसतो, आणि पुढे जगण्यातला रसच कमी होतो. निद्रानाश आणि विषण्णता यांचे नाते दुहेरी आहे. झोप गेली की मन खचते, आणि मन खचले की झोप जाते. म्हणूनच संगणकाला सर्व दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. एखादा मुलगा पहाटेपर्यंत पडद्यापुढे बसतो तो त्या छंदाने आजारी पडला, की आधीच्या एखाद्या दुःखातून पळण्यासाठी तेथे बसला, हे जवळ बसून विचारल्याखेरीज समजत नाही. रागावून यंत्र हिसकावून घेतल्याने ते मुळीच समजत नाही.

खेळाच्या व्यसनाचीही दखल घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळावरील ताबा सुटण्याच्या विकाराला स्थान दिले आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासूनच यंत्रांच्या अशा अतिरेकी वापरावर उपचार करणारे केंद्र आहे. खेळणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. पण अभ्यास, जेवण, मित्र ही सर्व सुटूनही जर खेळ सुटत नसेल, तर तो हट्ट न समजता आजार समजावा.

आता उपायांकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांची घरे एका खोलीची किंवा फार तर दोन खोल्यांची. मोठ्या घरांसाठी लिहिलेला उपदेश येथे चालत नाही. एकाच खोलीत जेथे सहा माणसे झोपतात, तेथे एकाचा पडदा सहा जणांच्या डोळ्यांवर पडतो. म्हणून नियम साऱ्या घराने मिळून केला पाहिजे. रात्रीची एक वेळ ठरवावी आणि त्यानंतर सर्वांचे मोबाइल एका फळीवर ठेवावेत. वडिलांनी आपला मोबाइल सर्वांआधी ठेवावा. मुले उपदेशापेक्षा कृती लवकर उचलतात. गजरासाठी साधे घड्याळ आणावे. सकाळी उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये आणि दिवसाच्या आरंभी थोडे उन्हात चालावे. अंथरुणावर बसून काम करू नये. जागा नसेल तर काम करताना अंथरूण गुंडाळून ठेवावे, म्हणजे अंथरूण आणि झोप यांची सांगड मनात पक्की राहते. ज्यांना रात्रपाळी अटळ आहे त्यांच्यासाठी दिवसा खिडकीला जाड पडदा लावावा, आणि शेजाऱ्यांनीही थोडी शांतता पाळावी. गिरणीच्या काळी चाळीतील मंडळी हा शेजारधर्म जाणत होती.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर कचेरीच्या निरोपांपासून मुक्त राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या मंडळाला आजच करता येतील अशा तीन गोष्टी मी सुचवितो.

पहिली, मंडळाच्या गटावर रात्री नऊनंतर कोणताही निरोप, शुभेच्छा किंवा सभेची सूचना पाठवू नये. निधनवार्तेचा तेवढा अपवाद. दुसरी, गरजू विद्यार्थ्यांना संगणक देण्यास साहाय्य करताना त्याबरोबर अभ्यासाला एक शांत जागाही द्यावी. सभागृह सायंकाळी बहुधा रिकामे असते. तेथे रात्री नऊपर्यंत अभ्यासिका चालविली तर मुलांना काम आटोपून घरी झोपावयास जाता येईल. तिसरी सर्वांत अवघड आहे. मनाच्या आजाराचा उच्चार झाला तर मुलीचे किंवा मुलाचे लग्न जमणार नाही, या भीतीने आपल्या ज्ञातीत आजार लपविले जातात. स्थळे सुचविणारी मंडळी आपणच आहोत. तेव्हा ही भीती निर्माण करणारेही आपणच, आणि ती दूर करू शकणारेही आपणच. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही आणि असे तीन महिने चालले, तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. वैद्यकीय सल्ला घ्यावा. मन फारच खचले असेल तर तीन महिने वाटही पाहू नये. केईएम रुग्णालय १९२६ पासून आपल्या दाराशी उभे आहे आणि तेथे मनोविकारांवर उपचार होतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणीही, कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलू शकतो. हा क्रमांक सभागृहाच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा, अशी चिटणीसांना माझी विनंती आहे.

ज्या मुलांचा आपण आज सत्कार केला, त्यांच्या गुणपत्रिका आपण पाहिल्या. पुढील वर्षी सत्कारापूर्वी प्रत्येकाला, "बाळा, झोप नीट लागते ना?" एवढेही विचारावे. उत्तर ऐकावयास थांबावे.