छप्पर गळतंय, विमा मिळेल का?

आजचा विषय कर्जत-खालापूरकरांच्या अगदी डोक्यावरचा आहे, म्हणजे छप्पर. पत्रे गंजलेत, कौलं सरकलीत, स्लॅबला ओल आलीये आणि पावसाळा तोंडावर आहे. अशा घराचा विमा निघतो का, आणि परवडतो का?

आपल्या भागात हा प्रश्न हौसेचा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगडात किती घरांचे पत्रे उडाले ते आपण पाहिलंय. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सरकारी मदत मिळते, पण तिचा आकडा माहीत हवा. केंद्राच्या आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये आहेत. राज्य सरकार कधीकधी वर भर घालतं. पण 6,500 मध्ये आज किती पत्रे येतात ते दुकानात विचारून बघा.

आता विमा. 1 एप्रिल 2021 पासून आयआरडीएआयने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली. घराचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन एकच, बनवणारे अनेक. त्यामुळे याच नावाने दोन सरकारी आणि दोन खासगी कंपन्यांकडून कोट मागवा. मूळ अटी त्याच असतात, म्हणजे तुलना करायची ती प्रीमियमची आणि सेवेची.

यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड असं बरंच येतं. घर राहण्यालायक उरलं नाही तर पर्यायी जागेचं भाडंही येतं. पण यादीत आहेत त्या घटना. वर्षानुवर्षं हळूहळू होणारी गळती ही घटना नाही. शिवाय घर दुरुस्त करायचं ते नुकसान होण्याच्या वेळी होतं जवळपास त्याच स्थितीत आणायचं, असं पॉलिसी म्हणते. म्हणजे आधीच सडलेलं छप्पर विम्याच्या पैशातून नवंकोरं होणार नाही.

आमच्या घरी बाबांचं म्हणणं होतं, "आधी विमा काढू, मग पावसात काय व्हायचं ते होऊ दे." एका एजंटनेही "सगळं कव्हर होतं हो काका" असं सांगितलं. मी त्याला म्हटलं, हे व्हॉट्सअॅपवर लिहून द्या. ते कधीच आलं नाही. तुम्हीही हा एकच प्रश्न लेखी विचारा, बरंच काही कळतं.

मग क्रम काय ठेवायचा?

पहिलं, किमान दुरुस्ती. पूर्ण छप्पर बदलायला पैसे नसतील तर ढिले हुक, फुटके पत्रे, सडलेले वासे एवढं तरी बदला. कौलारू घर असेल तर मे महिन्यातच शाकारून घ्या. आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. उद्या सर्वेअर आला की "हे वादळाने गेलं, आधीचं नव्हे" हे दाखवायला तोच पुरावा.

दुसरं, रक्कम. विमा घराच्या बाजारभावाचा किंवा जमिनीचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो. समजा कार्पेट एरिया 600 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 1,800 रुपये, तर विमा 10,80,000 चा. कर्जतमध्ये जागेचे भाव बघून कोणी 40 लाखांचा विमा गळ्यात मारत असेल तर फुकटचा प्रीमियम जाईल. क्षेत्रफळ मात्र खरंच लिहा.

तिसरं, सामान. घर आणि सामान दोन्ही घेतलं, तर घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. वेगळी यादी द्यावी लागत नाही.

चौथं, लपवू नका. छप्पर कशाचं आहे, घर किती जुनं आहे, वर्षातले काही महिने बंद असतं का, हे फॉर्मवर स्पष्ट लिहा. बांबू, गवत किंवा ताडपत्रीचं छप्पर कच्च्या बांधकामात धरतात. ते दडवून वाचवलेले चारशे-पाचशे रुपये क्लेमच्या वेळी महागात पडतात.

आणि नुकसान झालंच तर दोन्ही दारं ठोठवा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि कंपनीलाही लगेच कळवा. फोटो काढण्याआधी मलबा हलवू नका. कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा 155255 हा क्रमांक, आणि त्यानंतर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.

थोडक्यात, गळतीसाठी गवंडी आणि वादळासाठी विमा. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की दोन्हीकडून भिजायला होतं. हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की पाठवा, आणि या रविवारी शिडी लावून एकदा वर बघून या. जपून चढा! भेटू पुढच्या भागात.