सदोष यंत्र आणि रुग्णालयाची नोंदवही

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयास मिळालेल्या श्वसनयंत्रांत दोष आढळले. प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला; मोठी दुरुस्ती केलेली यंत्रे रुग्णांसाठी वापरण्यास न्यायालयाने हरकत घेतली. जे श्वसनयंत्राचे, तेच नाडी व प्राणवायूचे प्रमाण दाखविणाऱ्या मॉनिटरचे. धोकादायक उपकरण परत घेणे हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार उत्पादकाचे वा आयातदाराचे कर्तव्य आहे. परंतु ते कोणत्या खाटेशेजारी आहे, हे रुग्णालयासच ठाऊक असावयास हवे. नोंदवहीत यंत्राचा अनुक्रमांक नसेल, तर परत बोलावलेले यंत्रही कामात राहील आणि ऐन वेळी त्याची धोक्याची घंटा वाजणार नाही. रुग्णालयास भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी ती नोंदवही अवश्य पाहावी.