पंच कोण निवडतो?

(लोकमान्य टिळक पुण्यतिथीनिमित्त तिरला येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १ ऑगस्टला आपण लोकमान्यांच्या तसबिरीला हार घालतो, स्वराज्यावर चार शब्द बोलतो आणि चहा घेऊन घरी जातो. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कॉमर्सचे, वक्ते नव्हे. म्हणून आज लोकमान्यांच्या थोरवीवर न बोलता त्यांच्या दोन खटल्यांतील आकड्यांवर बोलणार आहोत.

पहिला राजद्रोहाचा खटला १८९७ चा. त्या काळी मुंबईच्या हायकोर्टात असे खटले ज्युरीपुढे, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढे चालत. ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल लागला सहा विरुद्ध तीन. शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. दुसरा खटला १९०८ चा. पुन्हा नऊ जण. सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळे पाणी, आणि रवानगी मंडालेला. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाच्या हे लगेच ध्यानात येते. यादी पक्की झाली त्याच दिवशी निकालही पक्का झाला होता.

ही यादी झाली कशी? १९०८ मध्ये सरकारने खास ज्युरी मागितली. खास ज्युरीच्या यादीत बहुतेक नावे युरोपियनांची. टिळकांच्या वकिलांनी हरकत घेतली, की ज्या लेखांवर खटला आहे ते ‘केसरी’तले, मराठीतले, ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यापुढे ते ठेवून काय उपयोग? हरकत फेटाळली गेली. मग टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. ते एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला कितीतरी वेळ, सरकारी भाषांतर मूळ शब्दांना धरून नाही, हे मराठी न कळणाऱ्यांना समजावण्यात गेला.

आणखी एक गोष्ट. खास ज्युरी मंजूर करणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हिंदीच होते. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकीलही तेच. तेव्हा खुर्चीवर आपला माणूस बसला की न्याय होतोच, असे समजू नये. यादी कोणत्या पद्धतीने झाली, ते आधी विचारावे.

पुढे काय झाले तेही सांगतो. गोऱ्यांसाठी ज्युरीत वेगळी सवलत ठेवणारे फौजदारी कायद्यातले वर्णभेद स्वतंत्र भारताने १९४९ च्या कायद्याने काढले. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, पण हायकोर्टाने ते मानले नाही आणि शिक्षा सुनावली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. आज ती पद्धत उरली आहे ती पारशी विवाहविषयक न्यायालयांत, तीही थोडीशी.

पण आपली कितीतरी मुले अमेरिकेत नागरिक झाली आहेत. त्यांच्या घरी ज्युरीचे बोलावणे येते. तिथे वकिलाला काही नावे कारण न देता वगळता येतात, आणि त्या आडून वर्षानुवर्षे काळे लोक वगळले गेले. १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वर्णावरून नाव गाळल्याचा संशय आला तर सरकारी वकिलाने कारण सांगितले पाहिजे. तेवढ्याने सगळे सुधारले नाही. फ्लॉवर्स नावाच्या आरोपीवर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. त्यांत ४२ काळ्या उमेदवारांपैकी ४१ जणांना सरकार पक्षाने वगळले. अखेर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण विचारायची सोय होती म्हणूनच ही मोजदाद झाली.

आता घरचे सांगतो. मंडळात मागे दोन कुटुंबांचा वाद आला होता. पाच पंच निवडायचे काम आम्हा तिघांवर होते. आम्ही चहा पिता पिता नावे लिहिली. पाचही पुरुष, पाचही पवारांच्या काळापासून माळव्यात असलेल्या घराण्यांतले. तक्रार करणारे कुटुंब मात्र नोकरीनिमित्त वीस वर्षांपूर्वी आलेले. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. तो कदाचित बरोबरही असेल. पण त्यानंतर ते कुटुंब आपल्या गणपतीला आले नाही. आमच्या मनात कपट नव्हते. पण ओळखीची तेवढीच नावे आम्हाला आठवली. लोकमान्यांचा हार त्याच खोलीत होता.

बँकेत ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास करायचे नसते. तो चोर आहे म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसालाही आपली चूक दिसत नाही म्हणून. तिजोरीला दोन किल्ल्या असतात त्या याचसाठी.

म्हणून मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत. एक, पंचांची यादी सर्व सज्ञान सभासदांची असावी. त्यात बायका, नवे आलेले आणि घरात माळवी बोलणारेही आले. दोन, नावे सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून काढावीत. तीन, कोणाचे नाव वगळायचे तर कारण लेखी द्यावे. नात्यागोत्याचे किंवा देण्याघेण्याचे कारण चालेल, जात, आडनाव, मोहल्ला, बाई-पुरुष हे कारण चालणार नाही. चार, वगळलेली नावे आणि कारणे इतिवृत्तात लिहावीत.

काही ज्येष्ठ म्हणतील, जुन्या घराण्यांचा मान जाईल. आम्हीही जुन्याच घराण्यातले आहोत. चिठ्ठीत आपलेही नाव असणारच आहे. ते निघाले तर त्या मानाला कोणी बोट लावू शकणार नाही. आणि पुढच्या वेळी हरणारा मनुष्य निकालावर रागावला, तरी पंचांवर रागावणार नाही. तो गणपतीला येईल.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनाला एक हात वर यावा, एवढीच विनंती.

जय हिंद!