कृपेची ओळख



आपल्या धर्मग्रामास आज पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. मंदिर कोणी उभारिलें, घंटा कोणी दिली, कोणत्या आळीनें किती वर्गणी जमविली, हें या पुस्तिकेंत अन्यत्र आलेंच आहे, व तें यथायोग्यच आहे. परंतु धर्मगुरू या नात्यानें मी आज अशा देणगीविषयीं बोलूं इच्छितों, कीं जिचा हिशेब कोणत्याहि वहींत मांडतां येत नाहीं. ती देणगी म्हणजे देवाची कृपा.

लॅटिन भाषेंत कृपेला ग्रात्सिया म्हणतात. ग्रातिस, म्हणजे मोल न घेतां दिलेलें, हा शब्दहि त्याच कुळांतला आहे. कृपा ही मजुरी नव्हे. देवानें आधीं आपणांवर प्रेम केलें, म्हणून आपल्या हातून सत्कृत्यें घडूं लागतात. त्रेंतच्या विश्वधर्मपरिषदेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं हेंच स्पष्ट केलें, कीं तारणाचा आरंभ देवाच्या कृपेपासून होतो. मात्र मनुष्यानें त्या कृपेस स्वेच्छेनें संमति दिली पाहिजे व तिच्याशीं सहकार्य केलें पाहिजे.

हें तत्त्व समजण्यास वसईच्या शेतकऱ्याला मोठा ग्रंथ नको. आपल्या वाडींतलें बावखल पाहावें. पाऊस आपण पाडीत नाहीं. तो आभाळांतून येतो. परंतु पूर्वजांनीं बावखल खणिलें, म्हणून तें पाणी भूमींत मुरलें, विहिरी गोड राहिल्या आणि केळी व पानवेली जगल्या. आज कित्येक बावखलें भरणी टाकून बुजविलीं गेलीं आहेत. पाऊस पूर्वींप्रमाणेंच पडतो, पण त्यास साठावयास जागा उरली नाहीं. अंतःकरणाचेंहि तसेंच होतें. अहंकारानें, संसाराच्या धांदलीनें आणि सर्वांत अधिक वैरानें आपण कृपेची जागा बुजवून टाकितों, व मग देव आपणांस विसरला असें म्हणतों.

कोणी विचारील, "फादर, मीं वर्षानुवर्षें प्रार्थना केली, पण मागितलें तें मिळालें नाहीं. मग माझ्या वांट्यास कृपा आली कोठें?" त्यास मी आपल्याच भूमीचे पुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र सांगेन. सोळाव्या शतकांत वसईस जन्मलेले गोन्सालो तरुण वयांत येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा शिकून त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. ते व्यापाराकडे वळले. शेवटीं मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. इ. स. १५९३ मध्यें त्या संघाचे धर्मगुरू जपानला निघाले, तेव्हां त्यांस दुभाषी हवा होता, आणि ते काम गोन्सालो यांजकडे आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण अर्पण केला, व १८६२ मध्यें नववे पायस पोप यांनीं त्यांस संतपद दिलें.

ज्या सेवेचा शेवट नकारांत झाला, त्याच सेवेंत शिकलेली भाषा पुढें त्यांस हुतात्म्याच्या मुकुटाकडे घेऊन गेली. म्हणून ज्या आईचा मुलगा मंदिराची पायरी चढत नाहीं, ज्या तरुणास अर्जांमागून अर्ज करूनहि नोकरी नाहीं, ज्या घरीं दीर्घ आजार आहे, त्यांनीं देवानें आपणांस टाकिलें असें समजूं नये.

मग या कृपेची ओळख ठेवावी कशी? पवित्र मिस्साबलिदानाचें ग्रीक नांव एउखारिस्तिया असें आहे. त्याचा अर्थ उपकारस्तुति. आणि खारिस, म्हणजे कृपा, हा शब्द त्याच्या पोटांतच आहे. उपकार मानण्याचें आपलें मुख्य स्थान वेदी हेंच होय. परंतु येथें मला स्पष्ट बोललें पाहिजे. एकाच आईचे दोन पुत्र बांधावरून वर्षानुवर्षें अबोला धरितात, आणि दर रविवारीं एकाच वेदीपाशीं ख्रिस्तशरीर स्वीकारितात, हें आपल्यांत घडत आहे. ज्याचें अपार ऋण देवानें फुकट माफ केलें, त्यानें भावाकडे हातभर जमिनीसाठीं जन्मभर तगादा लावावा काय? लेवीय पुस्तकांत पन्नासावें वर्ष महोत्सवाचें म्हणून नेमिलें आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी आणि दासांस मोकळें करावें, अशी तेथें आज्ञा आहे. आपलेंहि हें पन्नासावेंच वर्ष आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. महोत्सवाच्या मिस्सेपूर्वीं प्रत्येकानें पापनिवेदन करावें, आणि ज्याच्याशीं बोलणें थांबलें आहे त्याच्या उंबरठ्यावर आधीं आपण जावें. थोरल्यानें धाकट्याची वाट पाहूं नये, धाकट्यानें थोरल्याची पाहूं नये. जमिनीचा निकाल न्यायानें लागेल तेव्हां लागो; तोंवर बोलणें तरी सुरू व्हावें. हें जड आहे, व केवळ स्वतःच्या बळानें तें होणार नाहीं, हें मी जाणतों. त्याचसाठीं देवाची कृपा आहे. ती आज रात्रीं कुटुंबाच्या रोझरीच्या वेळीं नांव घेऊन मागावी.

परमेश्वर आपणां सर्वांस तें धैर्य देवो, व आपला हा महोत्सव सफळ करो. आमेन.